पेनड्राइव्हची नाडी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी माझ्याकडं बघायचं, कारण दाराशी मीच बसलेली असायची. मग माझ्या खांद्यावरून मागं, कोपऱ्यात नजर टाकायचं आणि विचारायचं, "चाचा नाई आले का?"

सहा वर्षं मी हा प्रश्न ऐकला. एखाद्या दिवशी "नाही आले" असं सांगायला मिळालं की मला बरं वाटायचं. हे आता लिहायला हरकत नाही.

दुकान चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या बाजूला. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका आणि कॉम्प्युटरची किरकोळ दुरुस्ती. मालकांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणायची. मी मूळची सांगलीकडची. नववीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवरा माजरीला कोळशाच्या ठेकेदाराकडं फिटर म्हणून लागला आणि मी त्याच्या मागं इकडं आले. इथलं ऊन वेगळं, भात वेगळा, बोलणं वेगळं. मी "बघते की" म्हटलं तरी गिऱ्हाईकं हसायची. "बाई, तुमच्याकडे हरेक बोलण्याच्या मागं की लावतात का?" मी म्हणायची, "हो की." मग आणखी हसायची.

भाऊंनी मला टायपिंगला घेतलं तेव्हा कळफलकावर 'क' कुठं आहे तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. त्या उपकारानं मी इतकी वाकून गेले होते की भाऊ काहीही म्हणाले तरी माझ्या तोंडून हो निघायचं. चहा घेता का? हो. आज घंटाभर जास्त थांबता का? हो. हे येते न तुम्हाले? हो.

इंग्रजी मात्र येत नव्हतं. अक्षरं ओळखू यायची, शब्द लागायचा नाही. पडद्यावर चौकट उगवली की डावीकडचं बटण दाबायचं, म्हणजे काम पुढं जातं, एवढं मी नजरेनं पाठ केलं होतं. बाजाराला जाणाऱ्या बाया पाटी न वाचता आपली एस.टी. ओळखतात ना, तसं. बहुतेक वेळा गाडी बरोबर लागायची. ही गोष्ट दुकानात कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती कळली तर भाऊ मला ठेवणार नाहीत, या भीतीनं मी रोज दुकानाची पायरी चढायची.

आता चाचा. चाचा म्हणजे घड्याळजी. त्यांचे वडील घड्याळजी, आजोबाही घड्याळजी. बाजारात प्लास्टिकची स्वस्त घड्याळं आली, पाठोपाठ मोबाइल आले, आणि त्यांच्या टपरीवर माशी बसेना. तेव्हा भाऊंनी त्यांना आपल्या दुकानातला मागचा कोपरा दिला. टपरीतलं सगळं सामान घेऊन ते आले. चिमटे, बारीक पेचकस, सुटे भाग झाकायच्या काचेच्या घुमट्या, आणि कपाळावर पायजम्याच्या इलॅस्टिकनं बांधलेलं ते डोळ्याला लावायचं भिंग. हातावर घड्याळ मात्र नाही. "जिंदगीभर दुसऱ्याचं ऐकलं, आता आपलं काऊन बांधू?" असं म्हणायचे. पण कुणी वेळ विचारली तर भिंतीकडं न बघता सांगायचे, "सव्वाबाराले तीन कमी." आणि ते खरं निघायचं. कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या वर्षांत पेनड्राइव्ह नवीन होता. लोक तो ताइतासारखा सांभाळायचे आणि चमच्यासारखा वापरायचे. कॉलेजची पोरं, कंत्राटदारांचे कारकून, फोटोवाले, सगळ्यांची एकच तक्रार. इथी लावला तर दिसत नाई. दिसते पण उघडत नाई. उघडते पण आत काही नाई.

चाचा पेनड्राइव्ह हातात घ्यायचे, पण कामाला हात घालायचे नाहीत. आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे.

"रात कुठी काढली यानं?"

"अं?"

"काल रात्री हा कुठी होता? खिशात, पेटीत, का चुलीच्या माथ्यावर?"

गिऱ्हाईक ओशाळून सांगायचं, की पँटीच्या खिशात होता आणि बायकोनं पँट धुतली. चाचा मान डोलवायचे. मग दुसरा प्रश्न. "आत काय आहे?" कुणी म्हटलं "डाटा", तर परत द्यायचे. "डाटा नाई. चीज सांगा. लग्न आहे का, हिशोब आहे, का कोणाची मयत?" माणूस सांगायला लागायचा आणि चाचा त्या बोलण्यातच काम सुरू करायचे. धुतलेला असेल तर दिव्याच्या उबेला दिवसभर. खाणीकडून आलेला असेल तर टोकावर फुंकर आणि भिंगाखाली सुईनं कोळशाची भुकटी काढणं. टोक काळवंडलेलं असेल तर शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं घासणं. त्यांचं ते खोडरबर होतं गुलाबी, मधोमध खड्डा पडलेलं. आणि मग कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढून, वाकून, पेनड्राइव्ह पाठीमागच्या भोकात.

पहिल्यांदा ते मी बघितलं तेव्हा माझी चांगलीच फजिती झालेली होती. एक फोटोवाला पेनड्राइव्ह घेऊन आला होता. मी तीनदा पुढच्या भोकात घातला, तीनदा काढला. दिवा लागायचा, विझायचा. "खराब झालाय," मी सांगितलं. चाचांनी तो घेतला, मागं लावला, आणि अख्खं लग्न पडद्यावर उघडलं.

"पुढचं दार पाहुण्याचं," ते फोटोवाल्याला म्हणाले. "तिथी चहापाणी मिळते. जेवण पाह्यजे तर मागच्या दारानं जा लागते." मग माझ्याकडं वळून, "पुढच्या भोकाची तार लंबी राह्यते बाई. करंट पोचत नाई पुरा."

त्यांनी ते सांगितलं, शिकवलं, त्यात काही खोट नव्हती. पण फोटोवाला हसला, आणि तो कुणाला हसला ते मला कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मी वहीत लिहिलं, 'मागचं भोक'. त्याखाली रोज भर पडत गेली. 'खोडरबर'. 'दिव्याची ऊब'. 'पडद्यावरच्या यादीत दुसऱ्याच ड्राइव्हच्या अक्षराखाली लपतो, अक्षर बदलून बघणे'. सासुरवाशिणीनं सासूच्या डब्यातून मसाला चोरावा तशी मी त्यांची विद्या चिमटीचिमटीनं चोरत होते. त्यांनी डबा उघडाच ठेवला होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्यानंच जास्त चिडायला व्हायचं.

पेनड्राइव्ह काढायचीही त्यांची रीत होती. कुणी नुसता उपसला तर ओरडायचे. "अरे, उठून चालला का? घरातून निघताना काय म्हणतेस?"

"येतो म्हणतो."

"मंग म्हण न इथीही." खाली कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर टिचकी मारायची, कॉम्प्युटर हो म्हणेपर्यंत थांबायचं, आणि मग तोंडानं "येतो" म्हणून काढायचा. मोठमोठे ठेकेदार कॉम्प्युटरच्या डब्यापुढं वाकून "येतो" म्हणताना मी बघितले आहेत. कोणी हसलं तर चाचा म्हणायचे, "हसा. न सांगता गेलेला माणूस परत येते का नाई, भरोसा नसते."

आणि सगळं दुरुस्त झालं की शेवटची तपासणी. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक आवाज साठवलेला होता, त्यांच्या वडिलांच्या खिशातल्या घड्याळाचा. तो ते मोकळ्या झालेल्या पेनड्राइव्हमध्ये टाकायचे आणि तिथूनच वाजवायचे. टिक, टिक, टिक. डोळे मिटून मिनिटभर ऐकायचे. "नाडी बराबर आहे. घेऊन जा."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एक गोष्ट मला रात्रंदिवस कुरतडायची. चाचा चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेलेले. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. पडद्यावर चौकट आली की ते भिंग कपाळावर सरकवायचे, गिऱ्हाइकाकडं वळायचे आणि भर दुकानात खणखणीत आवाजात म्हणायचे, "मले इंग्रजी वाचता येत नाई. तुम्ही वाचा, काय इचारून राह्यलं ते."

आणि गिऱ्हाईक वाचायचं! वकील वाचायचे, कॉलेजातले मास्तर वाचायचे. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी परत गेलं नाही. उलट वाचताना त्यांनाच आपल्या पेनड्राइव्हचं दुखणं कळायचं. "मशीन इचारते म्हणून हो म्हणायचं नसते," चाचा सांगायचे. "इचारलं काय ते आधी ऐका."

जी गोष्ट लपवण्यात माझी झोप जात होती, ती हा माणूस चारचौघांत टोपीसारखी काढून टेबलावर ठेवत होता. मला त्यांच्या हाताच्या कसबाचा हेवा वाटायचा तो वाटायचाच, पण या गोष्टीनं अंगाची लाही व्हायची.

एका दुपारी त्यांचं खोडरबर माझ्या टेबलाखाली घरंगळत आलं. मी ते उचललं आणि केराच्या टोपलीत टाकलं. वर चहाचे कप टाकले. चाचा संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून शोधत होते. दुसऱ्या दिवशी नवं खोडरबर घेऊन आले, ब्लेडनं बरोबर मधोमध कापलं आणि अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

"तुमच्यापाशी ठेवा बाई. माझं हरवत जाते."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, नव्हतं. कळलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तो शुक्रवार पावसाळ्याच्या तोंडचा. दुपारच्या नमाजाला चाचा गेले होते. भाऊ झेरॉक्सच्या मशीनपाशी. एक माणूस आत आला, तिशीचा, बारीक चणीचा, पायात रबरी चपला. भामरागडच्याही पुढच्या गावातला होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मागं.

"चाचा कोण आहेत जी?"

"मी बघते की," मी म्हटलं. "काय झालंय?"

त्यानं शर्टाच्या आतून गळ्यातला दोरा काढला. दोऱ्याला प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह. आलापल्लीत आणि गडचिरोलीत मिळून तीन दुकानांनी त्याला मेला म्हणून सांगितलं होतं. आत काय आहे ते मी विचारलं, चाचांची नक्कल करून. त्यानं सांगितलं. गावाच्या जंगलाच्या हक्काचा दावा होता. सगळं गाव तीन दिवस शिवेवरून चाललं होतं, दगड न् दगड, नाला न् नाला. म्हाताऱ्यांनी जागा दाखवल्या, या तरण्यांनी फोटो काढले, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. ज्या कॉम्प्युटरवर ते ठेवलं होतं तो बिघडून गेला. उरलं ते एवढंच.

"परत चालता येईल की," मी म्हटलं.

"आजा वारला उन्हाळ्यात. त्याले आणि आणखी एका बुढ्याले सगळे दगड ठाऊक होते. थो बी गेला." मग म्हणाला, "सोमवारी कागद द्याचे आहेत. नदी पुलावरून वाहाले लागली का आमचं गाव तुटते. मंग दिवाळीच."

मी खोडरबराच्या माझ्या अर्ध्या तुकड्यानं टोक घासलं. घामानं काळं पडलं होतं. डबा ओढून मागच्या दारानं पेनड्राइव्ह घातला. दिवा लागला आणि विझला नाही. तीन दुकानांनी सोडून दिलेला पेनड्राइव्ह मी उघडणार होते, आणि चाचा नमाजाहून यायच्या आत.

चौकट आली.

दोन ओळी इंग्रजी, शेवटी प्रश्नचिन्ह. खाली दोन बटणं.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"काही नाही. उघडू का विचारतंय."

डावीकडचं दाबलं. आणखी एक चौकट आली, तिच्यातलं दाबलं. मग आणखी एक. हिरवी पट्टी सर्रकन पळाली. पेनड्राइव्ह उघडला. माणूस हसला. मीही हसले. त्या दोन-तीन क्षणांइतकी मी त्या दुकानात कधीच सुखी नव्हते.

पडदा पांढरा होता. पांढराच राहिला.

"कुठी आहे?" तो म्हणाला.

मी इथं टिचकी मारली, तिथं मारली. मला समजलं होतं. काय केलं ते नाही, पण काहीतरी केलं हे समजलं होतं. तेवढ्यात चाचा आले, टोपी घडी करून खिशात घालत. माणूस उठून उभा राहिला, सगळं त्यानंच सांगितलं. "बाईनं उघडून देला. पण आत काही नाई."

चाचांनी माझी खुर्ची घेतली. "कोराच उघडला का बाई? काही इचारलं होतं त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "काही विचारलं नाही."

चाचांनी भिंगाखाली पेनड्राइव्ह फिरवून पाहिला. "तब्येत तं बरी दिसते. बावा, हाच आहे का तुमचा? एकासारखे एक राह्यतात हे. दुसरा त नाई उचलून आणला?"

माणूस हळूच म्हणाला, "माझ्या चुलतभावापाशी असाच आहे. तेंदूपत्त्याच्या हिशोबाचा. बदलला असंल." त्यानं पन्नी घडी केली. "माझीच चूक असंल. जाऊन पाहतो. आज निघालो तर उद्या सांजेले पोचतो."

माझीच चूक असंल. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. भाऊंपुढं, नवऱ्यापुढं, शाळेत बाईंपुढं, मी ते याच आवाजात बोलत आले होते. आज ते दुसरंच कुणी माझ्या वाटणीचं बोलत होतं, आणि त्यासाठी दोन दिवसांची वाट तुडवायला निघालं होतं.

"थांबा, पाहू तं द्या," चाचा म्हणाले. "कोरा आहे तं नाडी पाहून घेऊ." आणि त्यांचा हात त्या टिकटिकीकडं गेला. ती आता त्या पेनड्राइव्हमध्ये उतरणार होती. माझ्या वहीत चाचांच्याच तोंडचं एक वाक्य लिहिलेलं होतं. 'पुसल्यासारखा दिसला तरी त्याच्यावर नवं काही टाकू नये, जुनं खाली जिवंत असतं.'

"टाकू नका!" मी ओरडले.

भाऊंनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हटलं. "मी हो म्हटलं. काय विचारलं ते मला माहीत नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही."

तापल्या तव्यावरून काढावा तसा चाचांनी माउसवरचा हात काढला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कोणी हात लावू नका याले. बाई, हिरवी पट्टी रेंगाळली का पळाली?"

"पळाली."

"त्याच्यावर काही टाकलं?"

"नाही."

"मंग वरवरच पुसलं," ते म्हणाले आणि त्यांनी माणसाला खांद्याला धरून खाली बसवलं. "हा पोथीसारखा आहे बावा. वरचं पान फाडलं बाईनं. कोणता धडा कुठी आहे, ते लिवलं राह्यते न, ते पान. धडे आतच आहेत. फक्त आता कोणाचं नाव कोणाले नाई."

पुसल्या गेलेल्या फायली शोधून काढायची एक सीडी भाऊंकडं होती. ती सगळी इंग्रजीत. चाचांनी ती घातली, चौकट आली आणि ते सवयीनं गिऱ्हाइकाकडं वळले. "मले इंग्रजी वाचता येत नाई. बाईलेही नाई."

"मले येते," भामरागडचा माणूस म्हणाला. "बारावीपर्यंत आश्रमशाळेत होतो. बोलता नाई येत, वाचता येते."

"मंग या मास्तर, इथी बसा!"

तो वाचायचा, मराठीत सांगायचा, चाचा विचार करायचे, आणि बटण मी दाबायची. "डावं का उजवं?" मी दरवेळी विचारायची. "डावं-उजवं नाई," चाचा म्हणायचे. "त्यानं काय इचारलं?" मग तो पुन्हा वाचायचा. असं करत तीन-चार तास गेले. भाऊंनी चहा मागवला, मलाही दिला.

फोटो यायला लागले. नावं गेलेली, नुसते आकडे. झाडं, दगड, पुन्हा झाडं. मला सगळं एकसारखं दिसत होतं. तो मात्र बघता बघता सांगत होता. "हा तिसरा दगड. हा नाला. हे मोहाचं, इथून शीव वळते." तो सांगेल तसं मी नाव टाइप करत होते. माझी बोटं इतकी जपून कधी चालली नव्हती. म्हाताऱ्यांची लिहून घेतलेली विधानंही आली, एक सोडून सगळी.

शेवटी एक फोटो अर्धाच आला. वरच्या भागात एक म्हातारा, डोक्याला फडकं, हात खाली करून काहीतरी दाखवतोय. तो जे दाखवत होता तिथं नुसता करडा पट्टा.

"दगड गेला," मी म्हटलं.

तो पडद्याकडं वाकला. "दगड तिथीच आहे बाई. त्याचा फोटो काढता येते." मग पडद्यावरच्या फडक्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "आजा आला, बरं झालं."

कागद छापून झाले. दुकानातल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर एक प्रत केली. चाचांनी टिकटिक त्या दुसऱ्यात टाकली, ऐकली, मान डोलावली. चाचांनी सांगितल्यावर माणूस डब्यापुढं वाकला आणि "येतो" म्हणाला, मग चाचांचे दोन्ही हात हातात धरले. माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाई, तुम्ही उशिरा सांगतलं," तो म्हणाला. "पण सांगतलं."

तो गेल्यावर भाऊ माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मी पिशवी आवरून ठेवली होती.

"इतकी वर्षं तुम्ही मले हो म्हणून राह्यल्या," ते म्हणाले. रागापेक्षा वाईट वाटल्यासारखे. "एकदा नाई म्हणाल्या असत्या तर मी काय खाल्लं असतं तुम्हाले? पिशवी ठेवा ते खाली."

चाचा काय बोलतील याची मला जास्त धास्ती होती. दुसऱ्या दिवशी ते आले ते एक पुठ्ठा घेऊन. "टाइप करा बाई. मोठ्या अक्षरात, पाटी लावाची आहे. इथी कोणालेच इंग्रजी वाचता येत नाई. चौकट आली तर गिऱ्हाइकानं वाचून दाखवावी."

"'इथे' करू का?" मी विचारलं.

"काऊन? आपण इथी बसतो न?"

ती पाटी त्यांनी माझ्या टेबलाच्या वर लावली, कोपऱ्यात नाही. लोक वाचायचे आणि हसायचे, आणि चाचा ती नव्या घड्याळासारखी मिरवायचे. मी आठवडाभर मान वर केली नाही. त्या 'कोणालेच'मध्ये त्यांनी मला सामील करून घेतलं होतं, आणि माझं मन बघा, मला त्यातही त्यांचाच मोठेपणा दिसायचा आणि पोटात दुखायचं. हेवा असा सहजी जात नाही. उपकार झाले की उलट मुरतो.

पुढं चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भिंगातूनही दिसेना. तेव्हा ते पेनड्राइव्ह नुसता हातात घेऊन मला सांगायचे, "बाई, तुम्ही पाहा, मी ऐकतो." मग यायचे बंद झाले, आणि एका हिवाळ्यात गेल्याची बातमी आली. मी मातीला गेले नाही, बायका जात नाहीत. दुकानात बसून ती टिकटिक लावली आणि संपल्यावर पुन्हा लावली.

आता मागच्या कोपऱ्यात मी बसते. थोडं इंग्रजी वाचता येतं. ती दोन ओळींची चौकट मी झोपेतही ओळखेन, आणि 'सगळं पुसून टाकू का' असं ती विचारते, हेही कळतं. तरी मी गिऱ्हाइकाकडं वळते, त्याच्याकडूनच वाचून घेते. पाटीचा रंग उडालाय, 'इथी' एवढं नीट दिसतं.

"मला इंग्रजी वाचता येत नाही, तुम्ही वाचा," मी म्हणते. म्हणायच्या आधी अजून एकदा पाटीकडं बघून धीर गोळा करावा लागतो. चाचा हेच वाक्य बोलायचे, कुणी वेळ विचारावी आणि भिंतीकडं न बघता त्यांनी सांगावी, तसं. सव्वाबाराले तीन कमी. त्यांच्या हातचं बाकी सगळं मी चोरलं. तेवढं काही उचलता आलं नाही.